साडी 18 फुटांची, घरही 18 फुटांचं

या वेळचं पत्र इंदूरजवळच्या राऊहून आलंय. थोडं छाटून देते, मजकूर तिचाच.

"माई, सप्रेम नमस्कार. आम्ही दीड वर्षापासून ट्रेलरमध्ये राहतोय. चाकांचं घर, गाडीमागे जोडायचं. ह्यांची सोलर पॅनल बसवायची कामं असतात, कधी आगर, कधी शाजापूर, कधी नीमच. दर वेळी खोली शोधा, डिपॉझिट भरा, सहा महिन्यांत सोडा, याला कंटाळून हे घर घेतलं. मुक्कामाची जागा म्हणजे राऊजवळ चुलतसासऱ्यांचं शेत. आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि अकरा महिन्यांची मुलगी. सासूबाई वर्षातले तीन-चार महिने आमच्याबरोबर असतात. स्वयंपाक जमला, झोपणं जमलं, मुलाचा अभ्यासही जमला. धुणं जमत नाही. साइटवर पाणी मोजकं, म्हणून कपडे साठवते आणि दोन-तीन आठवड्यांनी इंदूरला आलो की एकदम काढते. मागच्या खेपेला सहा गाठोडी घेऊन सुदामानगरला मावससासूबाईंकडे गेले, त्यांच्याकडे मशीन आहे. त्या 'आमच्याकडे नळाला नर्मदा एक दिवसाआड येते हो' एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणतात, ट्रेलरमध्येच फुल ऑटोमॅटिक मशीन बसवू. सासूबाई म्हणतात, जाशील तिथला धोबी बघ. साइटवर पन्नास माणसांची ये-जा, तिथे माझे आतले कपडे कुठे वाळत घालू? पावसाळ्यात आतच दोऱ्या बांधल्या, तर आता गादीखालच्या प्लायला बुरशी आलीय. आणि माई, हसू नका, आमचा ट्रेलर 18 फुटांचा आहे आणि सासूबाईंची साडीही 18 फुटांची. ती कुठे वाळत घालायची?
दोरीवर लटकलेली, राऊ"

अगं दोरीवरच्या,

हसू नका म्हणालीस तरी हसले. मग उठून माझी साडी टेपने मोजली. साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. तुझा हिशेब चोख आहे. साडीचं शेवटी बघू, आधी गाठोडी सोडू.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी कालव्याच्या कामावर पत्र्याच्या एका खोलीत काढली. तुझ्या घरात आणि त्या खोलीत फरक चाकांचा. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. थोरल्याचे लंगोट मी स्टोअरच्या तंबूच्या दोरांवर वाळवलेत, आणि त्यातले दोन एकदा शेळीने खाल्लेत. तेव्हा तुझं पत्र वाचताना मला काही नवल वाटलं नाही. पाणी कमी म्हणून कपडे साठवायचे ही चूक मीही केली होती. साठवून पाणी वाचत नाही. मळ मुरतो, घामाचा वास धाग्यात बसतो, लंगोटाचे डाग पक्के होतात, आणि मग तोच कपडा दोनदा धुवावा लागतो. वर पुन्हा ते सगळं एकाच दिवशी वाळवायचं, म्हणजे दोरीही तुझी नाही आणि पाणीही तुझं नाही.

माझं म्हणणं असं की तुझं धुणं ठीक चाललंय, पिळणं कमी पडतंय. बाकी सगळं त्यातून आलंय, ती बुरशीसुद्धा.

हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी राहतं. आपल्याला वाटतं, आपण मनगटं मोडेपर्यंत पिळलं. तीन किलो कपड्यांचे पिळे आत दोरीवर टाकलेस की तीन लिटर पाणी तू त्या डब्याच्या हवेत सोडतेस. ते जाणार कुठे? रात्री बाहेर गारवा पडला की काचेवर, पत्र्याच्या आतल्या बाजूला, गादी आणि प्लायच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. आंगण असलेल्या घरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 18 फुटांत ते लगेच नाकाला कळतं, कुबट.

म्हणून पहिली खरेदी स्पिनरची. दुकानात 'स्पिन ड्रायर' असं नीट सांग, नुसतं 'ड्रायर' म्हटलंस तर केसांचा दाखवतील. सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दोन टबांतला तो बारका, गरगर फिरणारा टब असतो ना, तो सुटाही मिळतो. महाराणी रोडला चार दुकानं फिर. कपडे त्यातून निघाले की आतलं पाणी निम्म्या-पाऊणवर येतं. पातळ सुती कुडता तर हाताला नुसता गार लागतो, ओला लागत नाही. वीजही फार खात नाही, इन्व्हर्टरवर चालून जाईल. तुझा नवरा गावभर सोलर लावत फिरतो, स्वतःच्या छपरावर दोन पॅनल नसतील तर त्याला माझ्याकडे पाठव.

आणि स्पिनरचा खरा उपयोग वाळवण्याच्याही आधी आहे, तो कुणी सांगत नाही. आपण काय करतो, साबणाचा कपडा हाताने थोडासा पिळतो आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकतो. अर्धा साबण कपड्याबरोबर त्या बादलीत जातो. मग दुसरी बादली, मग तिसरी. त्याऐवजी साबणाचे कपडे आधी स्पिनरमधून काढ. फेसाचं पाणी तिथेच बाहेर पडतं, मग एका पाण्यात कपडा विसळून निघतो, फार तर दोन. माझ्या हिशेबाने रोजच्या एका घाण्याला आठ लिटर साबणाचं आणि आठ-आठ लिटरच्या दोन विसळण्या. चोवीस लिटर, म्हणजे सव्वा बादली झाली. पावडर पाकिटावर लिहिलीय त्याच्या निम्मी घाल, आणि फ्रंट लोडची, कमी फेसाची घे. फेस म्हणजे स्वच्छता ही आपल्या आयांची समजूत. फेस घालवायलाच सगळं पाणी जातं.

शेतातलं पाणी बोअरचं असेल आणि जड असेल, तर त्यात साबणाची वडी वापरू नकोस. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून चिकट साय होते, ती कपड्यात बसते आणि पांढरे कपडे राखाडी दिसायला लागतात. डिटर्जंट पावडरीला त्याचा त्रास कमी. चिमूटभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवलास तर आणखी बरं, फक्त सासूबाईंच्या माहेश्वरीला सोडा दाखवूसुद्धा नकोस. तिला रिठ्याचं गार पाणी आणि सावली.

आता ह्यांच्या ऑटोमॅटिकबद्दल. नवऱ्याला हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव. फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलोचं असतं, कारण ते फिरताना नाचू नये म्हणून कंपनी त्यात सिमेंटचं वजन घालते. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. म्हणून तर नवं मशीन घरी येतं तेव्हा त्याच्या पाठीला ट्रान्झिट बोल्ट असतात आणि मेकॅनिक ते काढून तुमच्या हातात देतो. तुमच्या घरी ते बोल्ट दर स्थलांतराला पुन्हा लावावे लागतील आणि पोचल्यावर काढावे लागतील. एकदा विसरलात की नीमचपर्यंत ड्रम आतल्या आत आपटत जाणार. विसरून तसंच चालू केलंत तर मशीनच ट्रेलरभर चालायला लागेल. शिवाय पाण्याला दाब लागतो, म्हणजे पंप. गरम पाण्याच्या धुण्याला दोन हजार वॉटच्या आसपासचा हीटर, तो तुमच्या बॅटरीवर ओढणार नाही. जमीन सपाट लागते. आणि वजन कुठे ठेवणार? ट्रेलरच्या मागच्या टोकाला जड वस्तू ठेवली की तो हायवेवर शेपूट हलवायला लागतो. जड ते चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, हा नियम त्यांना ठाऊक असेलच. तिथे तुमचा ओटा असणार.

मशीन हवंच असेल तर प्लास्टिकच्या बॉडीचं, सहा-साडेसहा किलो क्षमतेचं सेमी ऑटोमॅटिक घ्या. वीस-पंचवीस किलोचं असतं, दोघांनी उचलून खाली ठेवता येतं, पाणी बादलीने ओतता येतं. ते बाहेर, ताडपत्रीखाली चालवायचं. घरात नाही. त्यात स्पिनर आयता मिळतो, मग वेगळा नको.

माझी भाची अमेरिकेत आहे. तिच्या ओळखीतलं एक कुटुंब असंच ट्रेलरमध्ये राहतं. त्यांचं काय, आठवड्यातून एकदा लाँड्रोमॅटमध्ये जायचं, 25 सेंटची नाणी भरून चार मशीन एकदम लावायची, तिथल्याच गरम ड्रायरमध्ये वाळवायचे आणि दोन तासांत घड्या घालून परत. बऱ्याच ट्रेलर पार्कात तर झाडाला दोरी बांधायचीसुद्धा मनाई असते म्हणे. आपल्याकडे नाण्यांची मशीनं कोपऱ्याकोपऱ्यावर नाहीत, पण माळव्याचं ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये एका टोकाचे कपडे घालेपर्यंत दुसऱ्या टोकाचे काढायला होतात. रात्रीही वारं असतं. लोक 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, म्हणत कौतुक करतात ते गझलेसाठी असेल, मी ते वारं उन्हाळ्यात चादरी वाळवायला वापरलंय. आठ वाजता टाकलेली चादर पहाटे दूधवाल्याच्या आधी कोरडी.

हां, धोबी. सासूबाईंचं अगदीच चूक नाही. पण गावोगावचा धोबी दोन दिवसांनी देतो म्हणतो, आणि दोन दिवसांनी तुमचं घरच तिथे नसतं. त्यापेक्षा इंदूरला आलात की जीन्स, चादरी, पडदे असं जाडंभरडं तेवढं किलोवर धुऊन देणाऱ्या दुकानात टाका. भंवरकुआँला क्लासेसच्या मुलांची एवढी वस्ती आहे, तिथे अशी दुकानं सापडतील. आमचे कपडे दुसऱ्यांच्यात मिसळू नका, हे आधी बजावायचं आणि संध्याकाळी किती वाजता देणार ते विचारायचं.

रोजचं कसं करायचं ते सांगते. झाकणाचं, वीस लिटरचं पिंप घे, झाकण आटे फिरवून बसणारं. रात्री जेवणं झाली की दिवसभराचे कपडे त्यात, आठ लिटर पाणी, अर्धा चमचा-चमचा पावडर, झाकण घट्ट. सकाळी पिंप आडवं करून मुलाला दे. पाच वर्षांच्या मुलाला पिंप लोळवायला सांगितलं की तो अर्धा तास आनंदात असतो आणि तुझे हात मोकळे राहतात. ज्या दिवशी मुक्काम हलवायचा त्या दिवशी तर काहीच करू नकोस. भिजवलेलं पिंप बाथरूममध्ये पट्ट्याने बांधून ठेव आणि नवऱ्याला गाडी काढू दे. साठ किलोमीटरनंतर झाकण उघडून बघ. आपल्याकडचे रस्ते निदान या कामाला येतात. मी हे जीपमध्ये मागे पत्र्याचा डबा बांधून करायचे. एकदा झाकण निघालं आणि साहेबांच्या फायली धुतल्या गेल्या. म्हणून म्हणते, आट्यांचं झाकण.

लंगोटांचं पिंप निराळं आणि ते कोरडं ठेवायचं. शी असेल ती आधी टॉयलेटमध्ये झटकून टाक, लंगोट गार पाण्यात लगेच खळबळून काढ, गरम पाणी आधी घातलंस तर डाग धरतो. दुसऱ्या दिवशी मात्र कढत पाणी. आणि ते दुकानातले जाड, तीन-चार पदरी शिवलेले लंगोट देऊन टाक कुणाला. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे त्रिकोण काढ, एकेरी. दोन गाठी मारायला शिकावं लागतं, पण उन्हात हां हां म्हणता वाळतात, आणि आत पाणी लपवून ठेवत नाहीत. रात्रीपुरते बाजारचे डायपर लाव, त्यात अपराध वाटून घेऊ नकोस.

माळव्याची काळी माती कपड्याला लागली तर ओली असताना हात लावायचा नाही. चोळलीस की आत जाते. वाळू दे, ब्रशने झटक, मग भिजव. नवऱ्याचे साइटचे कपडे असेच आधी बाहेर झटकायचे, आणि ते त्याने झटकायचे, तू नाही. त्याच्याच हातात स्पिनरचं बटणही दे. पोह्यांच्या हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. धुऊन उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन दिवसांत उडतो.

आता आतल्या कपड्यांचं. इथे मी जरा तावातावाने लिहिणार आहे.

आपल्या बायकांनी आयुष्यभर हे कपडे टॉवेलखाली, परकराखाली, दाराच्या मागे, अंधाऱ्या बाथरूममध्ये वाळवलेत. ते वाळतच नाहीत. वरचा टॉवेल वाळतो, खालचं दमट राहतं, तेच दमट आपण अंगात घालतो आणि मग खाज, चट्टे, आणि त्याबद्दलही कुणाला बोलायचं नाही. डॉक्टर मलम देतात आणि मलम संपलं की पुन्हा तेच. ऊन आणि वारा लागल्याशिवाय ते कपडे स्वच्छ झाले असं मी मानत नाही. साइटवरच्या पन्नास जणांची अडचण मला कळते, तू दोरी चौकात बांध असं म्हणत नाही. ट्रेलरची एक बाजू तरी शेताकडे, ओसाडीकडे असते. नवा मुक्काम पडला की सगळ्यात आधी दक्षिणेची, माणसं नसलेली बाजू बघायची आणि दार तिकडे येईल असा ट्रेलर उभा करायला सांगायचं. घर फिरवता येतं हा एक फायदा आम्हा इमारतीतल्यांना नाही, तो तू वापर. तिथे गोल चिमट्यांचं टांगणं लाव, छत्रीसारखं असतं ते, वीस चिमट्यांचं. त्याच्याभोवती जुन्या मच्छरदाणीचा पडदा सोड. जाळीतून ऊन जातं, वारं जातं, नजर बऱ्यापैकी अडकते. सासूबाई 'वर टॉवेल घाल' म्हणाल्या तर हो म्हण आणि घालू नकोस.

कपडे कमी कर. हे तुला आवडणार नाही. माणशी पाच जोड्या, त्यातली एक लग्नाकार्याची, ती मावशींच्या कपाटात. टर्किश टॉवेल घरातून हद्दपार. प्रत्येकाला दोन पंचे. आपल्या आजोबांचा पंचा तासाभरात वाळायचा आणि रुमालाएवढी घडी व्हायची. आपण हॉटेलांचं बघून ती ओली गोणपाटं अंगाला गुंडाळायला लागलो. सोलापुरी चादरही ट्रेलरमध्ये नको. पाणी प्यायली की दोघांना उचलत नाही आणि पावसाळ्यात तिला वाळायला तीन दिवस लागतात. पातळ दोन चादरी एकावर एक घ्या, थंडी तेवढीच जाते.

पावसाळ्यात आत वाळवायची वेळ येणारच, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सुटका नाही. एकच नियम ठेव. एका वेळी एका माणसाचे कपडे, तेही स्पिनरमधून काढलेले, छपराच्या खिडकीखाली, आणि ती खिडकी व समोरची एक अशा दोन्ही बोटभर उघड्या. एक उघडी ठेवून उपयोग नाही, हवेला आत यायला आणि बाहेर जायला वेगळी वाट लागते. कपड्यांवर छोटा पंखा. गादी रोज सकाळी उभी करायची. आलेल्या बुरशीसाठी प्लाय बाहेर काढ, व्हिनेगरने पूस, उन्हात दोन दिवस कडकडीत वाळव आणि बसवताना त्याला भोकं पाडून घे, म्हणजे खालून वारं लागेल. सडला असेल तर बदल, वरून रंग लावून झाकू नकोस.

सांडपाण्याचं तू काही लिहिलं नाहीस म्हणजे ते ट्रेलरखालीच जातंय, खरं ना? काळी माती पाणी पटकन पीत नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही. दोन दिवसांत खाली चिखल, डास आणि वास, आणि मग चाकही रुततं. नळीला वीस फूट जोड दे आणि कर्दळीच्या, केळीच्या आळ्यात पाणी सोड. रोज एकाच आळ्यात नको. पावडरीतला सोडियम साठला की काळी माती दगडासारखी बसते, चुलतसासरे तुला शेतातून हाकलतील. लंगोटांचं पाणी मात्र झाडांना नाही, ते टॉयलेटच्या टाकीत. आणि इंदुरात ट्रेलर उभा असेल तेव्हा रस्त्यावर थेंबही नको. 2021 मध्ये आपलं शहर स्वच्छतेच्या सरकारी मानांकनात देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' ठरलं ते नाल्यांत जाणारं सांडपाणी अडवल्यामुळे. इथे शेजारी फोटो काढून पाठवतात, नगर निगमचा माणूस दंडाची पावती घेऊन हजर होतो.

मावशींकडे परत जाशील तेव्हा त्यांच्या एका वाक्याचा अर्थ जरा सरळ लाव. 'नर्मदा एक दिवसाआड येते' हा टोमणा असेलही, पण ती बातमीही आहे. आपल्या 'पग पग नीर'वाल्या, पावलोपावली पाणी म्हणवणाऱ्या माळव्यातलं हे पाणी जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढवून पंपाने आणलेलं. ज्या बाईने नळ आला की पहाटे उठून टाकी, पिंप, हंडे भरलेत, तिच्या डोळ्यांना तुझ्या सहा गाठोड्यांत कपडे दिसत नाहीत, रिकामी होणारी टाकी दिसते. मीही त्याच बायकांतली आहे. माझ्या सख्ख्या भावाने गाडी धुवायला पाइप मागितला तेव्हा मीही आत निघून गेले होते.

तेव्हा आता गाठोडी नकोत. रोजचं रोज झालं की उरणार फक्त दोन-चार चादरी, त्या दुकानात. मावशींकडे जायचं ते आगरची संत्री घेऊन, गाठोड्यांशिवाय. त्या स्वतःहून म्हणाल्या, 'काही धुवायचं असेल तर टाक गं', तर पाण्याचा दिवस विचार आणि एकच घाणा लाव, तुझी पावडर घेऊन. 'मागच्या वेळी माझं चुकलं' हे म्हणायचं असेल तर स्वयंपाकघरात, भाजी निवडताना म्हण. बैठकीत समोरासमोर बसून म्हणालीस तर दोघींनाही अवघड होईल. आणि एकदा त्यांना राऊला बोलाव. त्यांनी तुमचं घर आतून बघितलंय का? मला नाही वाटत.

राहिली साडी.

आतमध्ये ती लांबवर टाकायचा नाद सोड. बाहेर, ट्रेलरच्या छपराच्या दोन कोपऱ्यांतून दोन दोऱ्या समोरच्या झाडाला किंवा खांबाला न्यायच्या, मध्ये दीड हात अंतर ठेवून. साडी मधोमध दुमडली की नऊ फूट होते. ती दोन्ही दोऱ्यांवरून अशी टाक की मध्ये झोळी पडेल आणि दोन पदर एकमेकांना चिकटणार नाहीत. मधून वारं जातं आणि सुती साडी दुप्पट वेगाने वाळते. पाऊस असेल तर ताडपत्रीखाली हेच. टाकायच्या आधी मात्र झटकायला दोघी लागतात. एक टोक तुझ्या हातात, दुसरं सासूबाईंच्या, दोघी मागे सरा, अगदी 18 फूट, आणि एकदम झटका द्या. सुरकुत्या तिथेच जातात, इस्त्री लागत नाही. सासूबाईंना हे तुझ्यापेक्षा चांगलं येत असणार, त्यांनाच मोजू दे एक, दोन, तीन. आणि त्या वेळी धाकटीला कुणाकडे तरी दे, नाहीतर ती रांगत साडीखाली घुसेल आणि झटक्याचं सगळं पाणी तिच्या डोक्यावर.

तुझी,
माई